क्लाउडवरील सर्व्हर आपोआप उभे करण्याची व्यवस्था : लहान संस्थेने सुरुवात कुठून करावी?

अबोली_फोंडा

नमस्कार. मी फोंड्यातील एका लहान सॉफ्टवेअर संस्थेत काम करते. गोव्यातील लहान हॉटेले आणि अतिथिगृहे यांच्यासाठी खोल्यांची नोंदणी, बिले आणि हिशेब सांभाळणारी प्रणाली आम्ही सात जण मिळून चालवतो. आमचे सहा सर्व्हर एका सार्वजनिक क्लाउडच्या मुंबई विभागात आहेत. हे सहाही सर्व्हर गेल्या चार वर्षांत आमच्या एका सहकाऱ्याने क्लाउडच्या संकेतस्थळावर जाऊन, एकेक पर्याय निवडत, हाताने उभे केले आहेत. कोणत्या सर्व्हरवर काय बसवले आहे, कोणते पोर्ट कोणासाठी उघडे आहे, याची माहिती त्यांच्या डोक्यात आहे, आणि ते चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी नोकरी सोडून जाणार आहेत.

ऑक्टोबरपासून पर्यटनाचा हंगाम सुरू होतो आणि डिसेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत आमच्यावरील भार नेहमीच्या कितीतरी पट होतो. गेल्या डिसेंबरात एक सर्व्हर वाढवावा लागला. तो उभा करायला दीड दिवस गेला. नंतर लक्षात आले की त्यावर भारतीय वेळ लावायची राहिली होती, आणि त्यामुळे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात झालेल्या प्रत्येक बिलावर आदल्या दिवसाची तारीख छापली गेली. रात्रीच्या विमानाने उतरणारे पाहुणे नेमके त्याच वेळेत येतात. आठवडाभर आम्ही बिले दुरुस्त करत होतो.

सर्व्हरची उभारणी लिहून ठेवलेल्या वर्णनावरून यंत्रानेच करावी, या मताला मी आता आले आहे. माझे प्रश्न असे आहेत : टेराफॉर्म, अ‍ॅन्सिबल ही अवजारे की क्लाउड कंपनीची स्वतःची सोय, यांपैकी आधी काय शिकावे? आज चालू असलेल्या सहा सर्व्हरांचे काय करावे? आणि दोन माणसांनी रोज दोन तास दिले, तर हंगामाच्या आत हे होण्यासारखे आहे का?

डिचोलीकर

अबोलीताई, माझे मत बहुतेकांना पटणार नाही, तरी स्पष्ट लिहितो. सहा सर्व्हरांसाठी यातील काहीही आवश्यक नाही. मी नऊ वर्षे पाच सर्व्हर सांभाळत आहे. माझ्याकडे सुमारे २०० ओळींची एक शेल स्क्रिप्ट (क्रमाने चालणाऱ्या आज्ञांची फाइल) आहे आणि प्रत्येक सर्व्हरच्या डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची हुबेहूब प्रत, रोज रात्री घेतला जातो. नवा सर्व्हर हवा असेल तर चांगल्या सर्व्हरच्या स्नॅपशॉटवरून इमेज, म्हणजे नव्या सर्व्हरचा साचा, तयार करायची आणि त्यावरून दुसरा सुरू करायचा. दहा मिनिटांत काम होते. अर्धवट शिकलेले अवजार हंगामाच्या तोंडावर हातात घेण्यापेक्षा हे सुरक्षित आहे.

मांडवीकाठ

डिचोलीकरांच्या स्क्रिप्टबद्दल मला आदर आहे, कारण लिहून ठेवलेली स्क्रिप्ट हीसुद्धा स्वयंचलनाची पहिली पायरीच आहे. स्नॅपशॉटवरून नवा सर्व्हर करण्याबद्दल मात्र माझा मतभेद आहे. स्नॅपशॉट सर्व्हर जसा आहे तसा जपतो, पण तो तसा का आहे हे सांगत नाही. त्यात चार वर्षांपूर्वीचे विसरलेले खाते, कोणीतरी परीक्षणासाठी उघडलेले पोर्ट आणि अर्धवट काढलेले पॅकेज हे सगळे नव्या सर्व्हरवर येते. जाणाऱ्या सहकाऱ्यांच्या डोक्यातील माहिती स्नॅपशॉटमधून वाचता येणार नाही, आणि अबोलीताईंची खरी अडचण तीच आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. या कामाचे दोन भाग आहेत. सर्व्हर, नेटवर्क, डिस्क, फायरवॉलचे नियम, लोड बॅलन्सर (येणारा भार सर्व्हरांत वाटणारा) हे क्लाउडकडून मागून घेणे हा पहिला भाग. त्याला मी उभारणी म्हणतो. मिळालेल्या रिकाम्या सर्व्हरवर पॅकेजे, वापरकर्ते, वेळ, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि आपला प्रोग्राम बसवणे हा दुसरा भाग. तो म्हणजे मांडणी. टेराफॉर्म उभारणीसाठी आहे, अ‍ॅन्सिबल मांडणीसाठी. दोन्ही अवजारे एकमेकांच्या प्रांतात थोडेफार शिरू शकतात, पण तसे केले की दोन्हीकडे गोंधळ होतो.

टेराफॉर्म २०१४ साली आले. ऑगस्ट २०२३ मध्ये हाशिकॉर्प कंपनीने त्याचा मुक्त परवाना बदलला, तेव्हा त्याच्यापासून ओपनटोफू नावाची शाखा निघाली आणि ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली. तुमच्या आकाराच्या संस्थेला दोन्हींपैकी कोणतेही चालेल, भाषा जवळजवळ एकच आहे. अ‍ॅमेझॉनची स्वतःची क्लाउडफॉर्मेशन ही सोय २०११ पासून आहे आणि ती चांगली चालते, मात्र ती शिकल्याचा उपयोग दुसऱ्या क्लाउडवर होत नाही.

काणकोण_किनारा

मी महाविद्यालयात हा विषय शिकवते, आणि उभारणी व मांडणी यांतील फरक मुलांना समजावताना मला घरच्या माटोळीचा उपयोग होतो. चवथीला गणपतीच्या वर कोणकोणती फळे-पाने बांधायची याची यादी असते : नारळाची पेंड, सुपारीचे शिपटे, कांगलां, घागऱ्यो, असे बरेच काही. यादी हे सांगते की शेवटी माटोळीला काय काय दिसले पाहिजे. आज सकाळी शेजाऱ्यांनी कांगलां आणून बांधली असतील, तर यादी हातात घेतलेला माणूस उरलेलेच शोधायला जातो. टेराफॉर्म असेच वागते. तुम्ही अंतिम चित्र लिहिता. ते आजच्या स्थितीशी ताडून काय कमी आहे, काय जास्त आहे, हे ते काढते आणि तेवढेच करते. डिचोलीकरांची स्क्रिप्ट ही पायऱ्यांची नोंद आहे. ती दुसऱ्यांदा चालवली तर प्रत्येक पायरी पुन्हा होईल, आणि आधीच अस्तित्वात असलेल्या गोष्टीवर ती अडखळू शकते.

अ‍ॅन्सिबलमध्ये कामे क्रमाने लिहावी लागतात, पण प्रत्येक काम आधी स्थिती तपासते. त्यामुळे माझी विद्यार्थ्यांना एकच अट असते : प्लेबुक (कामांची ही यादी) लागोपाठ दोनदा चालवा, आणि दुसऱ्या वेळी बदललेल्या गोष्टींची संख्या शून्य आली पाहिजे. ती शून्य येत नसेल तर कुठेतरी साध्या शेल आज्ञा कोंबल्या आहेत असे समजावे.

डिचोलीकर

काणकोणताई, माटोळीचा दाखला पटला. माझ्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक पायरीआधी "आधीच आहे का" अशी तपासणी मी हळूहळू घालत गेलो आहे, आणि २०० पैकी निम्म्याहून जास्त ओळी आज त्या तपासणीच्याच आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

कुळागर

मी पंचवीस वर्षे हेच काम करत आलो आहे, त्यातील पहिली बरीच वर्षे खऱ्या लोखंडी पेट्यांवर गेली. टेराफॉर्म वापरायला लागल्यावर माझ्या हातून झालेली एक चूक सविस्तर लिहितो, कारण अबोलीताईंना तीच चूक होण्याची शक्यता फार आहे.

आमच्याकडे चार ग्राहकांचे चार सर्व्हर होते. मी त्यांची नावे एका यादीत ठेवली होती आणि 'काउंट' वापरून यादीत जितकी नावे तितके सर्व्हर असे वर्णन लिहिले होते. त्या पद्धतीत टेराफॉर्म सर्व्हरांना नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखते : शून्य, एक, दोन, तीन. यादीतील दुसऱ्या ग्राहकाने काम बंद केले, म्हणून मी त्याचे नाव यादीतून काढले. माझ्या मनात एक सर्व्हर जाणार होता. पण तिसरे नाव सरकून दुसऱ्या जागी आले, चौथे तिसऱ्या जागी आले, आणि चौथी जागा रिकामी झाली. ग्राहकाचे नाव सर्व्हरच्या पहिल्या सुरुवातीच्या मजकुरात जात असे, आणि तो मजकूर बदलला की सर्व्हर नव्याने करावा असे मीच लिहून ठेवले होते. प्लॅनच्या, म्हणजे टेराफॉर्म काय करणार हे आधी दाखवते त्या यादीच्या, शेवटच्या ओळीत स्पष्ट आले होते : २ जोडणार, ० बदलणार, ३ नष्ट करणार. मी ती ओळ वाचली नाही आणि 'येस' लिहिले.

दोन चालू ग्राहकांचे सर्व्हर माझ्या डोळ्यांदेखत गेले. माहितीसाठा वेगळ्या यंत्रावर होता म्हणून आम्ही वाचलो. चार तास सेवा मात्र बंद राहिली, आणि त्या दोघांना फोन करून कारण सांगणे हे माझ्या नोकरीतील सर्वांत कठीण काम होते.

म्हणून ताई, एकासारखे अनेक सर्व्हर करायचे असतील तर 'काउंट' टाळा आणि 'फॉर-ईच' वापरा. त्यात प्रत्येक सर्व्हर आपल्या नावाने ओळखला जातो आणि एक नाव काढले की तेवढाच जातो. दुसरे, प्लॅन फाइलमध्ये साठवा, ती दुसऱ्या माणसाला वाचायला द्या, आणि 'अप्लाय' (प्लॅन प्रत्यक्षात आणणे) त्याच साठवलेल्या फाइलवर करा, म्हणजे वाचले एक आणि झाले दुसरे असे होणार नाही. 'नष्ट' या शब्दापुढे शून्याव्यतिरिक्त आकडा असेल तर हात थांबलाच पाहिजे.

मांडवीकाठ

कुळागरकाकांच्या अनुभवाला जोडून लिहितो. "सर्वांत नवी उबुंटू इमेज घ्या" असे वर्णनात लिहिले, तर उबुंटूची (सर्व्हरवरील लिनक्स प्रणालीची) नवी इमेज प्रसिद्ध झाल्यावर पुढच्या प्लॅनमध्ये टेराफॉर्म चालू सर्व्हर मोडून नवा करायला निघते, कारण इमेज बदलणे म्हणजे त्याच्या दृष्टीने नवा सर्व्हर. तुम्ही काहीही बदललेले नसताना प्लॅनमध्ये नाश दिसतो आणि माणूस गांगरतो. इमेजचा क्रमांक ठरवून लिहा आणि बदलायचा तेव्हा जाणीवपूर्वक बदला.

म्हादईचे_पाणी

मी वाळपईहून घरून काम करतो. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की झाड तारांवर पडते आणि वीज व इंटरनेट दोन्ही जातात, हे इथल्या कोणालाही नवे नाही. अशाच एका संध्याकाळी माझे 'अप्लाय' अर्ध्यावर असताना जोडणी तुटली.

टेराफॉर्म आपण काय काय उभे केले याची नोंद स्टेट फाइलमध्ये ठेवते. आमची ती फाइल क्लाउडवरील साठवणीत होती आणि काम चालू असताना तिला कुलूप लागलेले असते, म्हणजे दोन माणसे एकाच वेळी बदल करू शकत नाहीत. जोडणी तुटल्यावर कुलूप तसेच राहिले आणि नवी नोंद वर पोहोचली नाही. सुदैवाने अशा वेळी टेराफॉर्म न पोहोचलेली नोंद आपल्या लॅपटॉपवरच एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी ती फाइल वर चढवली, कुलूप हाताने काढले आणि काम पुढे गेले. मात्र त्या रात्री मी घाबरून कुलूप आधी काढले असते आणि पुन्हा 'अप्लाय' केले असते, तर नोंद नसलेले सर्व्हर दुसऱ्यांदा तयार झाले असते.

तेव्हापासून मी माझ्या लॅपटॉपवरून काहीही चालवत नाही. वर्णन गिटमध्ये (फाइलींतील प्रत्येक बदल जपणाऱ्या प्रणालीत) जाते आणि प्रत्यक्ष काम क्लाउडवरच चालणारी व्यवस्था करते. इथली वीज गेली तरी तिथले काम पुरे होते.

अबोली_फोंडा

सर्वांची मनापासून आभारी आहे. कुळागरकाका, तुमचा अनुभव मी आमच्या सर्व सहकाऱ्यांना वाचून दाखवला. आमच्या सहांपैकी एका सर्व्हरवर पोस्टग्रेस हा माहितीसाठा आहे आणि त्यात सर्व ग्राहकांची नोंदणी आहे. त्याला या व्यवस्थेत आणावे का? विचारानेही भीती वाटते.

कुळागर

ती भीती योग्य आहे, ती जपा. माहितीसाठ्याचा सर्व्हर सर्वांत शेवटी आणा. ज्यांवर कायमची माहिती नाही, जे मोडले तरी काही हरवत नाही, अशा सर्व्हरांपासून सुरुवात करा. तुमच्या संकेतस्थळाचे सर्व्हर तसे असावेत. अपलोड झालेली ओळखपत्रे किंवा छायाचित्रे त्यांच्याच डिस्कवर साठत असतील, तर ती आधी वेगळ्या साठवणीत हलवा.

चालू असलेली गोष्ट मोडल्याशिवाय टेराफॉर्मच्या नोंदीत घेता येते. टेराफॉर्मच्या १.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, आयात करायची वस्तू वर्णनातच लिहिता येते आणि तिच्या वर्णनाचा कच्चा मसुदाही ते तयार करून देते. तो मसुदा जसाच्या तसा ठेवू नका. वाचून, समजून लहान करा. प्लॅनमध्ये शून्य बदल येईपर्यंत हे करत राहायचे.

माहितीसाठ्यावर 'प्रिव्हेंट डिस्ट्रॉय' हा नियम जरूर लावा, पण त्यावर विसंबू नका. कोणी वर्णनातून तो संपूर्ण परिच्छेदच काढून टाकला तर नियमही त्याच्यासोबत जातो आणि संरक्षण उरत नाही. म्हणून क्लाउडच्या बाजूनेही त्या सर्व्हरला नष्ट करण्यास मनाई करून ठेवा. कुलूप एक दाराला हवे आणि एक पेटीला.

सडा_वास्को

सुरक्षेच्या बाजूने दोन गोष्टी लिहिणे मला कर्तव्य वाटते.

पहिली म्हणजे स्टेट फाइलमध्ये पासवर्ड उघड्या अक्षरांत पडतात. वर्णनात एखादी गोष्ट 'संवेदनशील' म्हणून नोंदवली, तर ती पडद्यावर दिसत नाही इतकेच. फाइलमध्ये ती तशीच असते. ही फाइल गिटमध्ये कधीही टाकू नये. ती कूटबद्ध साठवणीत, मोजक्या माणसांनाच वाचता येईल अशी ठेवावी. ओपनटोफूने १.७ या आवृत्तीपासून स्टेट फाइल स्वतःच कूटबद्ध करण्याची सोय दिली आहे, आणि दोन्हींतून एक निवडताना मी हा मुद्दा विचारात घेईन. क्लाउडच्या चाव्याही वर्णनात लिहू नका. सर्व्हरला भूमिका द्या, म्हणजे त्याला लागणारी परवानगी तात्पुरत्या चाव्यांनी मिळते आणि चोरीला जाण्यासारखे काही फाइलमध्ये राहत नाही.

दुसरी गोष्ट नोंदींची. सर्व्हर हवे तेव्हा मोडायचे ठरवले की त्यांच्या डिस्कवरील लॉगही त्यांच्यासोबत जातात. सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इन हिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. ज्या सर्व्हरवर घटना घडली तोच मोडून नवा केला असेल आणि लॉग बाहेर पाठवलेले नसतील, तर सांगण्यासारखे तुमच्याकडे काहीच उरणार नाही. त्यामुळे लॉग बाहेर पाठवण्याचे काम मांडणीच्या पहिल्या दिवसापासून असावे, मागाहून नव्हे.

खाजन

मी हिशेब पाहतो, म्हणून खर्चाबद्दल लिहितो. हाताने सर्व्हर करणारा माणूस दमतो, यंत्र दमत नाही. आमच्या एका परीक्षणाच्या व्यवस्थेने दर वेळी सर्व्हर मोडले, पण त्यांच्या डिस्का मात्र मागे ठेवल्या, आणि तीन महिन्यांनी बिलात चाळीसहून जास्त अनाथ डिस्का सापडल्या. थांबवलेल्या सर्व्हरचे भाडे थांबते, डिस्कचे थांबत नाही. अ‍ॅमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला (सर्व्हरच्या इंटरनेटवरील पत्त्याला) ताशी ०.००५ डॉलर आकारणे सुरू केले आहे. महिन्याला ते साधारण ३.६५ डॉलर होतात. एका पत्त्याचे काही वाटत नाही, पण प्रत्येक सर्व्हरला सवयीने पत्ता देणारे वर्णन लिहिले तर ती गळती कायमची होते. लोड बॅलन्सरच्या मागील सर्व्हरांना बाहेरचा पत्ता लागतोच असे नाही.

प्रत्येक वस्तूवर ग्राहक, काम आणि मालक यांची चिठ्ठी वर्णनातूनच लावा. बिलाची इशारापत्रे सुरू करा, मात्र इशारा आला म्हणून खर्च आपोआप थांबत नाही हे लक्षात असू द्या.

डिचोलीकर

मला एक विचारायचे आहे. हंगामात भार अचानक वाढला आणि नवा सर्व्हर रिकाम्या उबुंटूपासून मांडत बसलो, तर पॅकेजे उतरवण्यातच कितीतरी मिनिटे जातील. माझी इमेजची पद्धत इथे सरस ठरत नाही का?

मांडवीकाठ

ठरते, आणि तुमचा हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. फरक इतकाच की इमेज चालू सर्व्हरवरून काढू नये, ती वर्णनावरून भाजावी. पॅकरसारखे अवजार तात्पुरता सर्व्हर सुरू करते, त्यावर तुमचे अ‍ॅन्सिबलचे प्लेबुक चालवते, त्याची इमेज करते आणि तो सर्व्हर मोडते. मग नवा सर्व्हर सुरू होताना पहिल्या सुरुवातीला क्लाउड-इनिट या सर्व्हरवरील प्रोग्रामकडून फार थोडे करून घ्यायचे : नाव, वातावरण, कोणत्या माहितीसाठ्याशी जोडायचे इत्यादी. अ‍ॅमेझॉनवर त्याला दिल्या जाणाऱ्या मजकुराला १६ किलोबाइटची मर्यादा आहे, म्हणून त्यात सगळी मांडणी कोंबण्याचा प्रयत्न करूच नये.

आणखी एक. इमेजचा क्रमांक प्रत्येक विभागात वेगळा असतो. मुंबई विभाग कोलमडला तर हैदराबादमध्ये उभे राहू, असे कागदावर लिहिलेल्या एका संस्थेची इमेज हैदराबादला कधी नकललेलीच नव्हती, हे मी पाहिले आहे.

म्हादईचे_पाणी

अ‍ॅन्सिबल पहिल्यांदा चालवताना एक अडचण येईल, आधीच सांगून ठेवतो. सर्व्हर सुरू होऊन एसएसएच (दुरून आत शिरण्याची जोडणी) मिळाले म्हणजे तो तयार झाला असे नाही. मागे क्लाउड-इनिट आणि उबुंटूची आपोआप होणारी अद्ययावतने चालू असतात, आणि पॅकेजांचे कुलूप त्यांच्याकडे असते. तुमचे प्लेबुक कधी चालते, कधी पडते, आणि कारण सापडत नाही. क्लाउड-इनिट पूर्ण होईपर्यंत थांबण्याची आज्ञा प्लेबुकच्या पहिल्या ओळीत ठेवा. तरीही काही बिनसले तर व्हार-लॉग फोल्डरमधील क्लाउड-इनिट-आउटपुट ही फाइल वाचा. बहुतेक उत्तरे तिथे असतात.

काणकोण_किनारा

अबोलीताई, तुमचा तिसरा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे. रोज दोन तास, दोन माणसे आणि हंगामाआधीचे आठवडे, एवढ्यात सगळे होणार नाही, पण महत्त्वाचे तेवढे होईल. माझी विनंती अशी की जाणाऱ्या सहकाऱ्यांना आता नवे काही बांधायला सांगू नका. त्यांनी बोलावे आणि तुम्ही लिहावे. एक सर्व्हर घ्या, त्यांच्याशेजारी बसून त्याचे वर्णन लिहा, वेगळ्या खात्यात तो उभा करा आणि ते समोर असतानाच मोडा. पुन्हा उभा करताना जे विसरले गेले असेल ते त्यांना लगेच आठवेल. ते गेल्यानंतर आठवून देणारे कोणी नसेल. जो सर्व्हर आपण एकदाही मोडून पुन्हा उभा केलेला नाही, त्याचे वर्णन पूर्ण आहे असे मी माझ्या विद्यार्थ्यांनाही मानू देत नाही.

अबोली_फोंडा

साडेपाच आठवड्यांनंतर लिहीत आहे. दरम्यान चवथही झाली. काणकोणताईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ही केले. संकेतस्थळाचा एक सर्व्हर वेगळ्या खात्यात वर्णनावरून उभा केला आणि सहकाऱ्यांसमोर मोडला. असे तीनदा करावे लागले.

पहिल्या वेळी सर्व्हर उभा राहिला, पण बिलावर ग्राहकाचे देवनागरी नाव छापायचे तिथे चौकोन आले. देवनागरीचा फाँट मूळ सर्व्हरवर कोणीतरी हाताने बसवला होता आणि त्याची नोंद कुठेही नव्हती. ज्या हॉटेलमालकांना आपल्या भाषेत बिल देता यावे म्हणून आम्ही ही सोय केली, त्यांच्याच बिलावर हंगामात चौकोन छापले गेले असते, या विचाराने मला खरोखर अस्वस्थ वाटले. दुसऱ्या वेळी फाँट होता, वेळ भारतीय होती, पण रात्री दोन वाजता जुन्या तात्पुरत्या फाइली पुसणारे एक काम सुटले होते. ते सहकाऱ्यांना चहा पिताना आठवले. तिसऱ्या वेळी काहीही राहिले नाही, आणि प्लेबुक दुसऱ्यांदा चालवल्यावर बदल शून्य आले.

आता संकेतस्थळाचे तिन्ही सर्व्हर ओपनटोफूच्या वर्णनातून चालतात, 'फॉर-ईच' वापरून. इमेज पॅकरने तयार होते. नवा सर्व्हर मागितल्यापासून लोड बॅलन्सरमध्ये येईपर्यंत सहा-सात मिनिटे लागतात. गेल्या वर्षी दीड दिवस लागला होता. लॉग बाहेर जातात. स्टेट फाइल कूटबद्ध आहे आणि ती आम्हा दोघींनाच वाचता येते. डिसेंबरच्या २० तारखेपासून जानेवारीच्या ५ तारखेपर्यंत दोन सर्व्हर जास्त ठेवण्याचा बदल लिहून तयार आहे, कारण आमचा हंगाम पंचांगासारखा आधीच ठाऊक असतो. पोस्टग्रेसच्या सर्व्हरला मात्र अजून हात लावलेला नाही.

डिचोलीकर

अभिनंदन, ताई. फाँटची गोष्ट वाचून मी माझ्या एका सर्व्हरची स्क्रिप्ट रिकाम्या यंत्रावर चालवून पाहिली. ती सत्तराव्या ओळीवर थांबली. अवजार बदलण्याची गरज मला अजूनही वाटत नाही, पण दर तीन महिन्यांनी रिकाम्या यंत्रावर ती चालवून पाहण्याचे मी ठरवले आहे.

कुळागर

पोस्टग्रेसला हात लावला नाहीत हे उत्तम केलेत. त्याची आयात हंगाम संपल्यावर, मार्चनंतर करा. पण एक काम त्याच्याही आधी, याच महिन्यात व्हायला हवे. आता तुम्हाला रिकामा सर्व्हर काही मिनिटांत मिळतो; तो मागा, त्यावर कालचा बॅकअप उतरवा आणि एखाद्या हॉटेलची गेल्या आठवड्यातील बिले मोजून पाहा. किती वेळ लागला तेही लिहून ठेवा.

अबोली_फोंडा

काका, आम्ही शनिवारी करतो. आकडे इथेच लिहीन.

अबोली_फोंडा

शनिवारचा अहवाल : सर्व्हर ७ मिनिटांत मिळाला, बॅकअप उतरायला १ तास ५० मिनिटे लागली, आणि तपासलेल्या तिन्ही हॉटेलांची बिले पूर्ण मिळाली. वेळ बराचसा एकाच मोठ्या फाइलमधून माहिती एका धाग्याने भरण्यात गेला. बॅकअप समांतर उतरवता येईल अशा स्वरूपात घेण्याचा बदल आज गिटमध्ये टाकला आहे. तो वाचून मान्य करण्याचे काम माझ्या सहकारिणीकडे आहे.